ठोकळा हातात धरताच हेडसेटला दिसेनासा होतो : बदलून द्या किंवा पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एक्सआर हेडसेटसोबतच्या ठोकळ्यांच्या संचातील दोषाबाबत

महोदय/महोदया,

दादर पश्चिमेला माझे छोटे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पक्षाघातानंतर हाताची ताकद गेलेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी तुमचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून खऱ्या खोलीत आभासी वस्तू दाखवणारे उपकरण, घेतला, आणि तो केवळ सोबतच्या ठोकळ्यांसाठी घेतला. हवेत चिमटी करून आभासी पेला उचलण्याचा या रुग्णांना फारसा उपयोग नाही. बोटांना वजन जाणवले पाहिजे, कड लागली पाहिजे, पकड सैल पडली तर वस्तू निसटली पाहिजे. किती जोर लावायचा हे हात त्यातूनच पुन्हा शिकतो.

ठोकळा टेबलावर असतो तोवर सगळे ठीक चालते. हेडसेटमधून त्याच्या जागी पाण्याचा पेला दिसतो, रुग्ण खूश होतात. उचलला की गोंधळ सुरू. गेल्या आठवड्यात एका आजींनी ठोकळा उचलून हनुवटीपर्यंत आणला, पेला मात्र टेबलाच्या वरच थिजलेला. मग तो एकदम उडी मारून त्यांच्या खांद्याशी गेला. त्या दचकल्या, ठोकळा हातातून पडला. बोटे मिटायला त्या किती कष्टाने शिकल्या होत्या हे मी जवळून पाहिले आहे. आता त्या हेडसेट लावायलाच तयार नाहीत, आणि याचा मला मनापासून राग आला आहे.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूवर काळ्या-पांढऱ्या चौकोनाची एकच मोठी खूण आहे. हेडसेटचा कॅमेरा त्या चौकोनाचे चार कोपरे पाहून अंतर आणि कल ठरवतो. पद्धत जुनीच आहे. खऱ्या दृश्यात आभासी वस्तू दाखवणाऱ्या एआरटूलकिट या सॉफ्टवेअरने ती १९९९ मध्ये लोकांपुढे आणली. तिची मर्यादाही तेव्हापासूनची आहे : कोपरा झाकला की खूण ओळखता येत नाही. तुमचा ठोकळा मुठीत धरला की समोरच्या बाजूच्या कोपऱ्यावर अंगठा येतोच, बाकीच्या बाजू बोटांखाली जातात. हातात धरायची वस्तू बनवताना ती कुणाच्या हातात देऊन पाहिली होती का?

तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवर खोलीतला उजेड वाढवायला सांगितले. वाढवला, तर त्रास आणखी वाढला. ठोकळ्यांवरचे लॅमिनेशन चकचकीत असल्याने ट्यूबलाइटची तिरीप पडून खूणच पुसली जाते. मी एका ठोकळ्याला मॅट टेप लावून पाहिली. चकाकी गेली, अंगठ्याची अडचण तशीच राहिली. दुसरा सल्ला मिळाला तो ठोकळे बाजूला ठेवून मोकळ्या हातांनी हातवारे करण्याचा. मग ठोकळ्यांचे पैसे वेगळे कशाला घेतलेत?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बाजूवर अनेक लहान खुणा असलेले, मॅट पृष्ठभागाचे ठोकळे द्या, म्हणजे काही खुणा झाकल्या तरी उरलेल्यांवरून जागा कळेल. ते जमणार नसेल तर हेडसेट आणि संच दोन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. हेडसेट ठेवा, फक्त संच परत करा, हे मला मान्य नाही.

वापर व्यावसायिक असल्यामुळे परतावा मिळणार नाही, असे तुमच्या ईमेलमध्ये आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ग्राहकाची व्याख्या एकदा वाचावी. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक हेतूची धरलेली नाही. क्लिनिकमध्ये मी एकटीच काम करते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर मुंबईतील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत आणि ठोकळा हातात असतानाचे व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक व फिजिओथेरपिस्ट
दादर (पश्चिम), मुंबई