सुतारकाका, कपाट न केल्याबद्दल आभार

सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला बोलावलं होतं ते भिंतभर नवं कपाट करून घ्यायला. तुम्ही टेप काढलात आणि मापं घ्यायला लागलात ती जुन्याच कपाटाच्या आतली. प्रत्येक खणात कपड्यांची चळत निम्म्या उंचीपर्यंत आणि वर नुसती पोकळी. "आधी ही हवा बाहेर काढू, मग नव्याचं बघू," म्हणालात. चांगलं मोठं काम समोर चालून आलेलं असताना ते स्वतःहून छोटं करणारा माणूस क्वचित भेटतो. म्हणून हे आभारपत्र चार लोकांनी वाचावं असं लिहितो आहे.

तुम्ही केलंत ते साधंच. कपाटाच्या दोन्ही कुशींना आतून ३२ मिलिमीटरच्या अंतराने ५ मिलिमीटरची भोकं पाडलीत आणि पिनांवर जादा फळ्या टेकवल्यात. कारखान्यातल्या कपाटांनाही हेच माप असतं, त्यामुळे एखादी पिन हरवली तरी दुसरी मिळते. आता सामान बदललं की फळी वरखाली करायची, सुतार बोलवायचा नाही. (हे तुमच्या धंद्याच्या दृष्टीने बरं नाही, पण सांगितलंत तुम्हीच.)

खरी शिकवणी मात्र कपाट किती खोल असावं याची होती. टांगायच्या कपड्यांना साधारण ६० सेंटिमीटर लागतात, कारण हँगरच ४५ च्या आसपास रुंद असतो आणि बाह्यांना दोन्हीकडे जागा हवी. पण म्हणून सगळीच कपाटं ६० ची कशाला? बहुतेक पुस्तकांना २५ पुरतात, घडीच्या कपड्यांना ३५-४०. त्याहून खोल खण केला की मागे दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतली वस्तू घरात असूनही नसल्यासारखीच. मग तीच वस्तू पुन्हा विकत येते आणि पुढच्या रांगेत बसते. स्वयंपाकघरातले ओट्याखालचे खोल खण तुम्ही फळ्या काढून ड्रॉवरचे केलेत, तेही पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलवर. चॅनलपायी दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम २५ मिलिमीटर रुंदी गेली, पण गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून आत हात घालणं थांबलं. झाकणं आणि ट्रे एकावर एक रचण्याऐवजी उभ्या पट्ट्यांमध्ये लावलेत. खालचं हवं असलं तर वरचं उचलावं लागत नाही, एवढ्यासाठीच. कागदावर मोजलं तर तिथली जागा थोडी कमीच झाली असेल. वापरात मात्र ती वाढली, आणि हा फरक मला तोवर कुणी दाखवला नव्हता.

पुस्तकांची फळी मधोमध पोट सोडून बसली होती. तुम्ही काही न बोलता मधे एक उभा आधार दिलात आणि पुढच्या कडेला खालून जाड पट्टी मारलीत. नंतर उत्सुकतेपोटी मी त्यामागचं गणित वाचलं. ओझं सारखं पसरलेलं असेल, तर फळीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट झाल्यावर ती सोळापट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे महागड्या लाकडापेक्षा मधला एक आधार जास्त कामाचा. पार्टिकल बोर्ड तर एकदा वाकला की पुस्तकं उतरवली तरी पुरता सरळ होत नाही. तुमच्या हाताला हे सगळं गणिताशिवाय ठाऊक होतं.

काही ठिकाणी तुम्ही सरळ नाही म्हणालात. माळ्यावर जड पेट्या नकोत, तिथे वर्षातून एकदोनदा लागणारं आणि हलकंच ठेवा. हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांवर आम्ही खूश होतो. "पिशवी चपटी होते, वजन तेवढंच राहतं," एवढं म्हणून तुम्ही ती चळत खाली उतरवायला लावलीत. (पिसांची पांघरुणं तशी फार काळ दाबून ठेवली तर त्यांचा फुगीरपणाही जातो.) मुख्य पाण्याची तोटी आणि विजेचा बोर्ड यांच्यापुढे एक फळीही येऊ दिली नाहीत. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट थोडं पुढे ओढलंत, कारण गार भिंतीवर घरातल्या हवेतला ओलावा जमतो, मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. आम्ही आपले कपाटालाच दोष देत होतो.

आणि उंच ड्रॉवरचं कपाट. ते तुम्ही अँगल लावून भिंतीला पक्कं केलंत. आम्हाला ते उगाच वाटलं होतं. तुम्ही वरचे दोन-तीन ड्रॉवर एकदम ओढून दाखवलेत, तसा सगळा भार पुढे आला. त्यात एखादं मूल खालच्या ड्रॉवरवर पाय ठेवून चढलं तर काय, हे बोलून दाखवायची गरज उरली नाही. हे एक काम सोडून बाकी काहीच केलं नसतंत, तरी हे पत्र लिहिलं असतं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे आणि वेगळंच राहील. बोळातल्या फळ्यांना तुम्हाला दारं हवी होती. बिजागरीचं दार उघडलं की बोळ अडतो. सरकती दारं लावली तर एका वेळी निम्मंच कपाट उघडं. त्या फळ्या मी उघड्याच ठेवल्या आहेत. धूळ बसते, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं आहे. तरीही दारं नकोत. पुढच्या वेळी याल तेव्हा भांडू.

तुमचा ऋणी,
बोळाच्या घरातला