गटकार्याचे गुण संगणकाने देण्याआधी

संपादक महोदय,

मिळून प्रश्न सोडवण्याचे कौशल्य संगणकावर तपासून त्याचे गुण प्रगतिपुस्तकात द्यावेत, असा विचार इंदूरच्या ज्या शाळा करत असतील, त्यांनी आधी विचारावे: गुण नेमके कशाला पडतात? मुलांनी एकमेकांना पाठवलेले नुसते संदेश मोजले जात असतील, तर ते बडबडीचे गुण झाले.

चांगला प्रश्न एकट्याला सुटतच नाही. मेलबर्न विद्यापीठातून चाललेल्या प्रकल्पातला ऑलिव्ह तेलाचा प्रश्न पाहा. एका मुलाकडे तेलाचा साठा आणि ३ लिटरचे भांडे, दुसऱ्याकडे ५ लिटरचे, मध्ये तेल पाठवायला नळी. एकमेकांच्या संगणकाचा पडदा दिसत नाही. दुसऱ्याच्या भांड्यात मोजून ४ लिटर हवे. पहिल्याने दोनदा भरून नळीने पाठवले की दुसऱ्याचे भांडे भरते, पहिल्याकडे १ लिटर उरते. खरी कसोटी इथे लागते. ‘माझे भरले, रिकामे करतो’ असे दुसऱ्याने कळवले, तर ते १ लिटर जाते, वर आणखी ३, झाले ४. तो गप्प राहिला, तर पहिला नळीचे बटण दाबत बसतो. हे सगळे संगणकाने ठेवलेल्या नोंदीत उमटते, पण वेळ एकाच सर्व्हरच्या घड्याळाची हवी. दोन संगणकांची घड्याळे अर्ध्या मिनिटाने मागेपुढे असली, तरी उत्तर प्रश्नाआधी आल्यासारखे दिसते.

२०१५ च्या पिसा या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जोडीदार संगणकच होता आणि मुले तयार वाक्यांतून निवड करत. जोडीदार सर्वांना सारखा, तपासणीही सोपी. पण मुलाला आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडता येते का, हे त्यातून कळत नाही. खऱ्या जोडीत कळते, मात्र गुण जोडीदाराच्या हाती जातात. म्हणून किमान ३ वेगवेगळ्या जोड्यांत काम करून घेतल्याशिवाय गुण ठरवूच नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ टायपिंगचा होतो. मुले हिंदी-मराठी रोमन लिपीत लिहितात, एकच शब्द चार तऱ्हांनी. ठरावीक शब्द शोधून गुण देणारे सॉफ्टवेअर तिथे फसते, आणि हळू टाइप करणारी हुशार मुलगी ‘सहकार्य नाही’ या रकान्यात जाते. निदान पहिल्या वर्षी तरी प्रत्येक नोंद दोन शिक्षकांनी वेगवेगळी वाचावी. मतभेद झाला, तर मूळ संवाद समोर ठेवून बोलावे. जोडीदारांना शेजारी बसवू नये. ती तोंडीच बोलून घेतात आणि नोंद कोरी राहते. मध्येच वीज गेली, तर त्या जोडीची चाचणी रद्द धरून नव्या प्रश्नावर पुन्हा घ्यावी, शून्य देऊ नये.

– गणित व संगणक विषयांचे काही शिक्षक, रामबाग, इंदूर