सुमित्रा भावेंचे सिनेमे आमच्या गावात आणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

अंबाजोगाईच्या वाचनालयात तुम्ही दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचे चित्रपट दाखवायचं ठरवलंत, तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. गाजलेला एखादा सिनेमा लावून तुम्ही मोकळे झाला असतात तरी कुणाची तक्रार नव्हती. पण तुमचा आग्रह असा, की या बाईंचं काम ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं बघायचं. त्यासाठी केलेली पत्रं, फोन, परवानग्या, उसना आणलेला प्रोजेक्टर, वीज गेली तर म्हणून ठेवलेलं जनरेटर, हे सगळं मला फार उशिरा कळलं. बायकांना यायला जमावं म्हणून खेळ दुपारी ठेवायचा, हेही तुमचंच.

त्या क्रमाचा अर्थ मला हळूहळू लागला. सुमित्राबाई मूळच्या सिनेमावाल्या नव्हेत. समाजकार्य शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. ज्या बायकांवर संशोधन करायचं त्यांनाच ते वाचता येत नसेल तर त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं, या अडचणीतून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. मग ‘पाणी’. पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांच्या जोडीनं १९९५ मध्ये ‘दोघी’. म्हणजे त्यांच्या सिनेमाची सुरुवातच प्रेक्षक कोण, या प्रश्नापासून झाली. तो प्रश्न आमच्यासारख्या गावात आणून विचारला तो तुम्ही.

‘दोघी’चा दिवस मी विसरणार नाही. दुष्काळानं सुकलेलं गाव, लग्न मोडलेली गौरी, तिला मुंबईला नेणारा मामा, देहविक्रय करून तिनं मिळवलेल्या पैशावर चालणारं घर आणि त्याच घरात तिला नसलेली जागा. शहरात या सिनेमाची वाखाणणी झाली ती रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि उत्तरा बावकर यांच्या अभिनयासाठी, आणि ती रास्तच आहे. आपल्याकडं मात्र दिवे लागले तेव्हा अभिनयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दरवर्षी कारखान्यावर ऊसतोडीला जाणारी एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, “त्या मायला समदं ठाव व्हतं. पैसं कुठून येतेत ते ठाव नसतं व्हय घरच्याला?” त्यावर दुसरी उसळली, “ठाव असून काय करंल ती? पाऊस पाडंल का?” अर्धा तास त्या भांडत होत्या. तुम्ही मधे पडला नाहीत. शेवटी एवढंच विचारलंत, “गौरी आपल्या गावात परत आली तर तिच्या शेजारी पंगतीत कोण बसेल?” त्यानंतर कुणीच बोललं नाही.

‘विषयाचे सिनेमे’ हा शिक्का सुमित्राबाईंच्या कामावर फार बसला. ‘देवराई’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’ म्हणजे कोड, ‘अस्तु’ म्हणजे स्मृतिभ्रंश. या आक्षेपात काही तथ्य मलाही वाटतं. ‘हा भारत माझा’मधली माणसं मला अनेकदा बोलण्याऐवजी समजावून सांगताना दिसली, आणि ‘संहिता’ संगीतासाठी आवडूनही आपल्या सभागृहातल्या प्रेक्षकांपासून लांबच राहिला. हे मी तुमच्यासमोर म्हणू शकले याचंही श्रेय तुमचंच. तुम्ही सुमित्राबाईंचे एवढे चाहते, पण न आवडल्याचं सांगणाऱ्याला तुम्ही कधी अडाणी ठरवलं नाहीत, फक्त “का?” विचारत राहिलात.

विषयाचा सिनेमा काय करू शकतो, तेही तिथंच पाहिलं. ‘देवराई’ संपल्यावर तुम्ही फळ्यावर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वेळ लिहून ठेवलीत आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. सगळे निघून गेल्यावर एक शेतकरी परत आला, पेन मागितला आणि ती वेळ हातावर लिहून घेऊन गेला. त्याच्या घरातल्या माणसाला तोवर कुठल्या कुठल्या देवस्थानांना नेऊन झालं होतं, हे आम्हाला नंतर समजलं.

आणि ‘अस्तु’. मोहन आगाशे यांनी उभे केलेले ते विद्वान, संस्कृतचे पंडित, हत्तीमागं चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या घरात तेव्हा आजीचं असंच चाललेलं. संध्याकाळ झाली की “मला माहेरी पोचवा” म्हणून दाराशी यायची. हेच तुझं घर आहे म्हणून समजावताना आई रडकुंडीला यायची. सिनेमा बघून आली त्या संध्याकाळी आई म्हणाली, “चला, जाऊ माहेरी.” तिनं आजीच्या खांद्यावर पदर नीट केला, दोघी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, पिंपळाला हात जोडले आणि परत आल्या. आजी शांत झोपली. पुढं आजी असेतोवर हा नेमच झाला. डॉक्टरांचा कागद तर आमच्याकडं होताच, पण हे शहाणपण त्यात नव्हतं. सर, याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे?

२०१६चा उन्हाळा आठवतो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि थिएटरांत ‘सैराट’ला पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. त्याच वर्षासाठीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ पुढं सुमित्राबाईंच्या ‘कासव’ला, नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाच्या गोष्टीला मिळालं, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्या रांगेत तो जाऊन बसला. पण तुम्ही कधी एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं केलं नाहीत. ‘कासव’ला मागच्या रांगेतली स्पर्धा परीक्षावाली पोरं चुळबुळत होती, दोघं-तिघं उठूनही गेले. जाणाऱ्यांना तुम्ही हसून हात केलात. त्यांच्यातलाच एक जण आठवड्यानं तुमच्याकडं आला, तो सिनेमा पुन्हा बघायचाय म्हणाला, एकट्यानं. तुम्ही त्याच्यासाठी सभागृह उघडलंत आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहिलात.

१९ एप्रिल २०२१ला सुमित्राबाई गेल्या. पुढच्याच महिन्यात ‘दिठी’ मोबाइलच्या पडद्यावर आला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा सिनेमा, मुलगा पुरात गमावलेल्या वारकरी लोहाराचा. निर्बंध उठल्यावर तुम्ही तो पोथीला बसणाऱ्या मंडळींना दाखवलात. लोहार झालेले किशोर कदम अडलेल्या गाईची सुटका करतात तिथं पुढच्या रांगेतले म्हातारे अक्षरशः पुढं झुकले होते. एक माळकरी बाबा नंतर म्हणाले, “आम्ही इतकी वर्षं ओव्या म्हनतो, ह्या बाईनं त्या गोठ्यात दाखवल्या.” सुमित्राबाईंच्या कानावर हे जायला हवं होतं, असं तुम्ही तेव्हा म्हणालात.

पाणी, मजुरी आणि घराबाहेर काढलेल्या बायका इथून निघालेली दिग्दर्शिका माणसाच्या मनापर्यंत आणि शेवटी मरणापर्यंत कशी पोचली, हा सगळा प्रवास आम्हाला सलग दिसला तो तुमच्यामुळं. सुटे सुटे बघितले असते तर कुठला चांगला, कुठला कंटाळवाणा, एवढंच बोलून आम्ही घरी गेलो असतो.

आता मी लातूरजवळच्या एका शाळेत शिकवते. मुलांच्या आयांसाठी येत्या मार्चमध्ये ‘बाई’ आणि ‘पाणी’पासून सुरुवात करायचं ठरवलंय. परवानगीची पत्रं कशी लिहायची ते विचारायला पुढच्या रविवारी येतेय. आणि पहिल्या खेळाला तुम्ही यायचंच आहे. भाषण करायचं नाही, प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचे.

तुमची,
वाचनालयाची एक जुनी सभासद