कुत्र्याएवढे उंदीर आणि मराठी प्रवासकोश

मा. संपादक, स. न.

शेजारची सातवीतली मुलगी परवा वही घेऊन आली. प्रकल्पाचा विषय : ठाण्याला आलेले जुने परदेशी प्रवासी. मोबाइलवर 'ठाणे' टाकून तिला मिळालं ते सगळं 1853 च्या आगगाडीपासून पुढचं. मी जन्म ग्रंथपालकीत काढलेला. तिला म्हटलं, "ठाणे नको, 'ताना' शोध. जुने परदेशी ठाण्याला तेच म्हणत." मग ठाण्याचा उल्लेख करणारे अल्-बेरूनी आणि मार्को पोलो सापडले, आणि ओडोरिकही. गावावरून असे प्रवासी शोधून देणारा कोश मराठीत नाही, म्हणून हे पत्र.

हा ओडोरिक इटलीतला फ्रान्सिस्कन साधू. 1321 साली ठाण्यात त्याच्या पंथाचे चार साधू मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात तो होर्मुझहून 28 दिवसांत जहाजाने इथे उतरला आणि त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनला गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना धरायला कुत्रीच लागतात. रात्री उशिरा स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या ठाणेकराने घूस पाहिली असेल, तर तो ओडोरिकला खोटं म्हणणार नाही.

गंमत पुढे आहे. काही दशकांनी जॉन मँडेव्हिल या नावाने एक प्रवासवर्णन युरोपात गाजलं. त्यातही हेच उंदीर आणि हीच हतबल मांजरं आहेत, फक्त ठाण्याचं 'चाना' नावाचं बेट झालंय. लिहिणाऱ्याने ओडोरिकचा मजकूर सरळ उचलला होता. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर नवख्याला वाटेल, दोन साक्षीदार एकच सांगताहेत. खरं तर साक्षीदार एकच, दुसरा नक्कल करणारा. कोण प्रत्यक्ष आला आणि कोणी घरबसल्या लिहिलं, हे सांगायलाच संदर्भग्रंथ हवा.

इंग्रजीत हे काम 1846 पासून हॅक्लुट सोसायटी ही जुनी प्रवासवर्णनं छापणारी संस्था करते आहे. ओडोरिकचं वर्णन हेन्री यूलने तिच्यासाठी 1866 मध्ये टिपांसह छापलं. मराठीत कोशकारांची वानवा कधीच नव्हती. केतकरांचा ज्ञानकोश आहे, चित्रावशास्त्रींचा चरित्रकोश आहे, विश्वकोश तर आता घरबसल्या फुकट वाचता येतो. पण त्यांत प्रवासी शोधायचा तर त्याचं नाव आधी माहीत हवं. कल्याणला कोण कोण आलं, चौलला कोण उतरलं, असं गावावरून शोधता येत नाही. 'कल्लिएना' म्हणजे आपलं कल्याण, हे सातवीतल्या मुलीला कोणी सांगायचं?

आपल्या माणसांचीही तीच गत. 1857 च्या बंडात उत्तरेत सापडलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापला तो फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरचा पाठ बऱ्याच वर्षांनी आला. हातातली आवृत्ती कुठली, हे किती वाचक पाहतात? आणि शोधक प्रवासी म्हटलं की आपल्या तोंडी व्हास्को द गामा. शंभर मण्यांची जपमाळ घेऊन, शंभर पावलांना एक मणी ओढत ब्रिटिशांच्या सर्वेक्षणासाठी तिबेटातल्या ल्हासापर्यंतची वाट मोजणारा नैनसिंह रावत कुणाला आठवत नाही.

साहित्य संस्कृती मंडळाने किंवा विश्वकोश मंडळाने गाववार एकच खंड काढावा. प्रत्येक गावाखाली जुनी नावं, आलेले प्रवासी, कुठली आवृत्ती धरायची आणि कितपत विश्वास ठेवायचा, एवढं पुरे. तोवर निदान 1882 चं ठाणे गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, तरी वाचनालयांनी कुलपाबाहेर काढावं. एके ठिकाणी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर.

मुलीला वही सोमवारी द्यायची होती. तिने ओडोरिकवर अर्धं पान लिहिलंय आणि खाली घूस व कुत्रा काढलाय, दोघे अगदी एका मापाचे.

— एक निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा, ठाणे