ताई, तुम्ही आधी विचारलंत आणि मग आकडा सांगितलात

प्रिय ताई,

समोर असलात की हे बोलणं होत नाही, जिममध्ये गाणी जोरात चालू असतात आणि मी काही बोलायला गेले की तुम्ही "चल, पुढचा सेट मार" म्हणून विषय संपवता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी मी पैसे भरून एक डाएटचा चार्ट घेतला होता. 1200 कॅलरी, भात बंद, ओलं खोबरं बंद, आंबा तर बघायचाही नाही, आणि सकाळी ओट्स, रात्री ब्रोकोली. रत्नागिरीत कलमांच्या बागेत राहणाऱ्या बाईला! आमच्या शेजारच्या काकू दिवसभर बँकेत खुर्चीवर असतात, त्यांनाही अगदी हाच कागद, फक्त वरचं नाव वेगळं. बार उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, केस हातात यायचे, पाळी पुढे पुढे जायला लागली, आणि हे सांगितल्यावर मला ऐकवलं काय, तर "तुझ्यात विलपॉवर नाही." हे वाक्य मला अजून झोंबतं, आणि का झोंबू नये?

तुम्ही मात्र माझं वजनसुद्धा नंतर विचारलंत. पहिला प्रश्न होता, "दिवसभर काय काम करतेस?" मग आंब्याच्या सीझनचं विचारलंत, क्रेट कोण उचलतं, बाग उतारावर आहे का, पेट्या भरायला किती वेळ उभी असतेस, पावसाळ्यात काय करतेस. इतकं तर मला घरातल्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग हिशोब केलात. 58 किलो, 157 सेंटीमीटर, वय 31, आणि 1990 सालचा तो मिफ्लिन-सेंट जिओरचा फॉर्म्युला, त्यातून दिवसाला साधारण 1245 कॅलरी आल्या. नुसती अंथरुणात पडून राहिले तरी श्वास, हृदय, मेंदू चालवायला शरीराला एवढं लागतं. म्हणजे मला दिलेला चार्ट त्याच्याही खाली होता आणि त्यावर मी डेडलिफ्ट मारत होते, म्हणजे जमिनीवरून जड बार उचलत होते, क्रेट वाहत होते! ते ऐकून मला तिथेच रडू आलं, तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत आणि काही बोलला नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती पेन्सिल. मी डायरी उघडून पेन पुढे केलं तर तुम्ही नको म्हणालात, काउंटरवरच्या मुलाकडून पेन्सिल मागवलीत, टोक मोडलेलं होतं तर ब्लेडने नीट करून घेतलंत आणि मग लिहिलंत, एरवी दिवसाला 1900 कॅलरींच्या आसपास, सीझनला 2100 च्या पुढे. "हा अंदाज आहे," म्हणालात, "कुठलाच फॉर्म्युला तुझं शरीर ओळखत नाही. रोज सकाळी वजन कर, आठवड्याची सरासरी काढ, दोन-तीन आठवडे बघ आणि मग खोडून नवा आकडा लिही. एका दिवसात किलोभर इकडेतिकडे झालं तर ते पाणी असतं, मिठाचं नाहीतर पाळीचं, त्याला घाबरू नकोस." आधीच्या ठिकाणी आकडा म्हणजे परीक्षेचा निकाल होता, वजन हललं नाही की मी नापास. तुम्ही म्हणालात आकडा चुकला तर आकडा बदलायचा. मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू.

आणि हेही तुमच्याकडूनच कळलं की जिममधला तास आपल्याला वाटतो तेवढा जाळत नाही, बाकीचा दिवस कसा जातो त्यावर जास्त फरक पडतो. हातातलं फिटनेसचं घड्याळ जळलेल्या म्हणून दाखवतं त्या कॅलरींवर विसंबून जेवू नये, तेही. प्रोटीनचं किलोमागे 1.6 ग्रॅम धरलंत, म्हणजे माझे 93 च्या आसपास, आणि ते कुठून आणायचं तर बांगडा, अंडी, दही, कुळथाची पिठी. प्रोटीन पावडरचा डबा विकत घ्यायला लावला नाहीत. सासूबाईंना तर एवढा आनंद झाला की सून परत पानात भात घेते! खोबरं अजूनही घालतो, फक्त आता मोजून, कारण फॅटच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी हे मला पाठ झालंय.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, पण मी त्याबद्दल म्हणत नाहीये, पैसे घेतले असतेत तरी मी हेच लिहिलं असतं. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, गावागावात आहेत, मोठ्या बोर्डाशिवाय काम करतात, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाळी वेळेवर येतेय, केस गळायचे थांबलेत, डेडलिफ्ट परत वर चाललाय. धाकट्या जावेलाही आता जिमला यायचंय, बाळंतपणानंतर तिला कुणीतरी तसलाच 1200 चा कागद दिलाय आणि ती अजून अंगावर पाजतेय. तो कागद मी तिच्याकडून काढून घेतलाय. सोमवारी संध्याकाळी तिला घेऊन येते, प्लीज थोडा वेळ ठेवा.

तुमची,
बागेतली मुलगी