सुरक्षा साहित्य टेंडरच्या बोलीबाहेर ठेवा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : वीजवाहिन्यांच्या दुरुस्ती-देखभाल निविदांमध्ये सुरक्षा साहित्याची वेगळी, ठरावीक रक्कम ठेवण्याबाबत.

महोदय,

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भेपर्यंतच्या पट्ट्यात वीजदुरुस्तीची कामे करणारे आम्ही अभियंते, छोटे कंत्राटदार आणि संघटनेचे सभासद कामगार हे पत्र मिळून लिहीत आहोत. मजुरीवरून आमचे आपसात वाद आहेत आणि ते राहतील. या मागणीवर मात्र मालक-कामगार एकाच बाजूला आहेत.

आमच्याकडे बऱ्याच भागांत उच्चदाब वितरण २२ केव्हीचे (२२ हजार व्होल्टचे) आहे. भूमिगत केबल, जागोजागी आरएमयू (केबल जोडण्या-तोडण्याच्या स्विचची पेटी, रिंग मेन युनिट) आणि दोन बाजूंनी पुरवठा. त्यामुळे एका टोकाचा स्विच पाडला म्हणून केबल मेली असे होत नाही. दोन्ही टोके उघडायची, कुलूप लावायचे, किल्ली काम करणाऱ्या गँगच्या प्रमुखाकडे द्यायची आणि पाटी लटकवायची. मग २२ केव्हीच्याच डिटेक्टरने (वीज आहे का ते दाखवणाऱ्या साधनाने) तिन्ही फेज तपासायचे. तो डिटेक्टरही आधी चालू लाइनवर वाजतो का ते पाहायचे. त्यानंतर अर्थिंग. आधी क्लॅम्प अर्थला घट्ट बसवायचा, मग रॉडने एकेक फेज. काढताना उलट, फेज आधी आणि अर्थ शेवटी. लांब केबलमध्ये पुरवठा बंद झाल्यावरही चार्ज साठलेला असतो, तो इथेच उतरतो. हे सगळे झाल्यावर लेखी लाइन क्लिअर, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी. फोनवरचे ‘हो, बंद केलंय’ म्हणजे लाइन क्लिअर नव्हे.

एवढे करूनही धोका उरतो तो बॅक फीडचा, म्हणजे ग्राहकाकडून उलट येणाऱ्या विजेचा. कारखान्याच्या जनरेटरला इंटरलॉक असलेला चेंजओव्हर (जनरेटर आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडू न देणारा स्विच) नसेल, तर ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूने चढतात आणि वरच्या बाजूला २२ हजार होऊन उभे राहतात. बॅटरीवाल्या सौर इन्व्हर्टरची जोडणी चुकली तरी तोच प्रकार. काम चालू असताना दोन्ही बाजूंना पोर्टेबल अर्थिंग हवे ते यासाठी. एका गँगला त्याचे किमान दोन संच लागतात, आणि बहुतेक ठिकाणी एकच असतो, किंवा तारेचा तुकडा गुंडाळून काम उरकले जाते.

हातमोज्यांचेही तसेच. क्लास २ चे रबरी मोजे १७ केव्हीपर्यंतचे. २२ केव्हीला क्लास ३ लागतात, २६.५ केव्हीपर्यंतचे, वरून चामड्याचे आवरण, दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी आणि रोज वापरण्याआधी हवा भरून भोक आहे का ते पाहणे. स्वस्तातले मोजे दिसायला सारखेच दिसतात.

आता मूळ दुखणे. काम सर्वांत कमी दराला जाते, आणि ‘बिलो’, म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा कमी दर, भरण्याची चढाओढ लागते. केबलचा आणि जॉइंट किटचा भाव कंत्राटदाराच्या हातात नसतो. किमान वेतन कायद्याने ठरलेले असते. मग कात्री लागते ती मोजे, डिटेक्टर, अर्थिंग संच आणि परवानाधारक तारतंत्रीवर. चार माणसांचे काम दोघांवर येते. पावसाळ्यात खड्ड्यात एकसारख्या चार केबल असतात आणि त्यांतली नेमकी कोणती कापायची हे स्पाइकिंग (केबलमध्ये दुरून खिळा ठोकून ती बंद असल्याची खात्री करणे) न करता अंदाजाने ठरते. घाईत सेमीकॉनचा (अर्धवाहक) थर सोलताना आतल्या एक्सएलपीई (प्लास्टिकच्या) इन्सुलेशनवर सुरीचा ओरखडा पडतो, त्यात हवेची पोकळी राहते, आणि जॉइंट काही महिन्यांत पुन्हा फुटतो. ग्राहकाला दुसऱ्यांदा अंधार, कंपनीला दुसऱ्यांदा खर्च. त्यामुळे हा प्रश्न एकट्या कामगाराच्या जिवाचा नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत साधने पुरवण्याचे बंधन आहेच. अडचण पैसे कुठून येणार याची आहे. म्हणून निविदेत सुरक्षा साहित्य, त्याची चाचणी आणि सुरक्षा पर्यवेक्षक यांची रक्कम वेगळी दाखवावी आणि तिच्यावर बोली लावू देऊ नये. दर सर्वांना सारखा, आणि देयक साहित्य व चाचणीचे प्रमाणपत्र जागेवर पाहूनच. आमच्या मते अंदाजित खर्चाच्या २ टक्क्यांपासून सुरुवात करता येईल. काम लहान असले तरी किमान साहित्याची यादी मात्र बदलू नये.

देयके वेळेवर हवीत, हेही त्यालाच जोडून आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यातली ४५ दिवसांची मर्यादा कामाच्या कंत्राटांना लागते की नाही यावर न्यायालयात वाद होतात. तीच मुदत वितरण कंपनीच्या करारातच लिहून टाकावी.

शेवटची मागणी : वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ खाली होणाऱ्या अपघात चौकशीचे निष्कर्ष, नावे वगळून, प्रत्येक उपविभागात मराठीत लावावेत. कुठल्या टोकाचे अर्थिंग राहिले होते, हे पुढच्या गँगला खड्ड्यात उतरण्याआधी कळले पाहिजे.

आपले,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील विद्युत अभियंते, कंत्राटदार आणि कामगार