नोकरी गेल्यावर कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘यंदा शिकायलाच हव्यात अशा पाच प्रोग्रॅमिंग भाषा’ अशा धर्तीच्या याद्या वृत्तपत्रांच्या रोजगार पुरवण्यांतून नेहमी वाचायला मिळतात. महाविद्यालयीन मुलांना त्यांचा उपयोग होतही असेल. परंतु चाळिशी उलटल्यावर ज्याची नोकरी गेली आहे, घरकर्जाचे हप्ते चालू आहेत आणि गाठीशी जेमतेम काही महिन्यांची पुंजी आहे, अशा माणसाची त्या दिशाभूल करतात, असे माझे मत आहे.

हॉटेलांच्या बिलांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षे व्हिज्युअल बेसिक डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम केले. कंपनीने गोव्यातले कार्यालय गुंडाळले आणि पुण्याला किंवा बंगळुरूला जाणे मला घरच्या अडचणींमुळे शक्य नव्हते. व्हिज्युअल बेसिक ही भाषा म्हणून यापुढे वाढवण्याचा बेत नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच जाहीर केले होते, त्यामुळे नवी भाषा शिकणे भागच होते. अशा वेळी सल्ले देणाऱ्यांची वाण पडत नाही. कोणी पायथन सांगितली, कोणी गो, तर एका भाच्याने रस्ट. मेमरीतल्या प्रत्येक गोष्टीचा मालक कोण, हे प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासून घेण्याची रस्टची पद्धत खरोखर सुरेख आहे. पण ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि पणजी-पर्वरी-वेर्णा या टापूत त्या भाषेसाठी माणसे हवी असल्याची जाहिरात निदान माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

मी सी शार्प निवडली. ती व्हिज्युअल बेसिकप्रमाणेच डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर चालते, तिची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, तीच आहे, म्हणजे बदलते ती मुख्यतः लिहिण्याची रीत. जावा येणाऱ्याला कॉटलिन अशीच जवळची आहे, कारण ती जावाच्याच यंत्रणेवर चालते आणि २०१७ पासून अँड्रॉइडसाठी गूगलने तिला अधिकृत मान्यता दिली आहे. पीएचपीवर वेबसाइट करणाऱ्याला थोडीफार जावास्क्रिप्ट येतेच. त्याने तीच पक्की करून तिच्यावरच आधारलेल्या टाइपस्क्रिप्टकडे वळावे. डेटाबेसमधली माहिती काढण्यासाठीची एसक्यूएल मात्र सर्वांनीच घासूनपुसून घ्यावी. १९७० च्या दशकात जन्मलेली ही भाषा अजून कामाला येते आणि मुलाखतीत तिच्यावर प्रश्न हमखास येतात.

या याद्यांतून हटकून सुटणारी गोष्ट म्हणजे उमेदवाराला आधीपासून असलेले धंद्याचे ज्ञान. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनला किंवा जावास्क्रिप्टला साधेपणाने करायला सांगितली, तर ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि त्यानंतर एक ४ उमटतो, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ हा अपूर्णांक नेमका बसत नाही. हॉटेलचे नाइट ऑडिट, म्हणजे रात्री होणारा दिवसभराचा हिशेब, ज्याने पैशापैशाने जुळवले आहे, तो कोणत्याही नव्या भाषेत आधी डेसिमल, म्हणजे दशांश रकमा नेमक्या ठेवणारा प्रकार शोधतो. सी शार्पमध्ये तो भाषेतच आहे, पायथनमध्ये त्यासाठी वेगळे मोड्यूल आहे, आणि जावास्क्रिप्टमध्ये तसा प्रकारच नसल्यामुळे बरेच जण रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक म्हणून ठेवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हल्ली कोड लिहून देतात, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. पण त्या कोडमध्ये रकमेसाठी भलताच प्रकार वापरला आहे की काय, हे ओळखायला तो वाचता यावा लागतो.

म्हणून दोन भाषांत मन अडकले असेल, तर आपल्या जुन्या कामातला एक छोटा तुकडा दोन्हींत लिहून पाहावा. माझ्या बाबतीत तो तुकडा खोलीच्या आरक्षणाचा होता: आगाऊ रक्कम, मध्येच बदललेली तारीख, चेक-आउटची वेळ उलटल्यावर लागणारे अर्ध्या दिवसाचे भाडे. असा तुकडा लिहिताना कोणती भाषा आपल्याला झेपते ते आठवड्याभरात कळते, आणि मुलाखतीत दाखवायलाही काही हाताशी राहते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगून भरमसाट शुल्क घेणाऱ्या क्लासकडे तत्पूर्वी वळू नये. वळायचेच असेल, तर ती हमी लेखी मागावी. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवरचे बरेच अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच पैसे भरावे लागतात.

आपल्या पुढील रोजगार पुरवणीत भाषांची यादी द्यायचीच झाली, तर तीतील प्रत्येक भाषेसमोर गोव्यात तिच्यासाठी सध्या किती जागांच्या जाहिराती आहेत आणि आधीचा कोणता अनुभव असलेल्या माणसाला ती सोपी जाईल, एवढे दोन रकाने कृपया वाढवावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा